टेकू कोणाच्या बाजूचा

देवयानी साळोखेच्या टेकूने उपांत्य फेरीत शत्रूला मदत केली, तेव्हा तिने ती घटना योगायोगाच्या खात्यात टाकली. समोरची मुलगी हरायच्या बेतात होती. देवयानीने टेकूचा पत्ता पटावर ठेवला, आणि तो स्वतःच्या सैन्याकडे न वळता तुरुतुरु पट ओलांडून गेला व त्या मुलीच्या लटपटणाऱ्या दैत्याच्या काखेत जाऊन उभा राहिला. डाव पुढे देवयानीनेच जिंकला, पण घामाघूम होऊन.

"मॅडम, तुमचं पिल्लू फितूर झालं की हो," हरलेली मुलगी हसत म्हणाली.

"एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही," देवयानी म्हणाली. "नमुना फार लहान आहे."

ती महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. हे वाक्य ती वर्गात, भाजी मंडईत आणि पत्रिका घेऊन आलेल्या मावशीसमोर सारख्याच निर्विकार चेहऱ्याने उच्चारत असे.

दैत्यपटाचे नियम सोपे आहेत. दोन टोकांना दोन गड आणि मध्ये पाच वाटा. प्रत्येकाने आपापल्या पत्त्यांचा संच बांधून आणायचा. पत्ता टाकला की त्यातला दैत्य पटावर उमटतो आणि वाटेवर उभा राहतो. ज्याचा दैत्य समोरच्या गडात शिरेल तो जिंकला. शत्रू ज्या वाटेने येईल त्या वाटेवर सरकून त्याला अडवायचं, एवढंच संरक्षण. बहुतेक खेळाडू ज्वालामुख, लोहदंष्ट्र असले अगडबंब दैत्य संचात कोंबतात, आणि पहिल्याच हातात सगळे अवजड पत्ते आले की कपाळाला हात लावून बसतात.

देवयानीने संच बांधला होता तो टेकूभोवती. टेकू म्हणजे बुटका, फेंगड्या पायांचा, पाठीवर पाटा बांधल्यासारखा दिसणारा दैत्य. त्याचं स्वतःचं बळ इतकं बेताचं, की ज्वालामुख नुसता शिंकला तरी तो उताणा पडावा. पण त्याच्या पत्त्यावरचा मजकूर असा होता: 'पटावरच्या कोणत्याही एका दैत्याला आधार देतो. आधार मिळालेला दैत्य त्या फेरीत पडत नाही व जागचा हलत नाही. फेरी संपताच टेकू खेळाडूच्या हाती परत येतो.' असा पत्ता हातात कधी कुजत नाही. पडणाऱ्याला सावरता येतं, कमकुवत दैत्याला गडाच्या दारात पहारा द्यायला उभं करता येतं, आणि काम झालं की टेकू पुन्हा हातात. पत्त्याची किंमत त्यावर छापलेल्या बळात नसून तो किती निरनिराळ्या प्रसंगी उपयोगी पडेल ह्या संभाव्यतेत असते, हे देवयानीने कागदावर मांडून पाहिलं होतं. तिच्या संचात तीन टेकू होते. सगळे हसले होते, आणि ती अंतिम फेरीत पोहोचली होती.

मात्र ह्या खेळातली खरी नवलाई पत्त्याच्या कागदात होती. दोन थरांमध्ये वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकची पातळ चकती दाबून बसवलेली असे. वीज एका मार्गाने गेली की त्या मार्गावर विद्युतभारित कण शिरून अडकून राहत, आणि पुढच्या खेपेला विजेला तोच मार्ग सोपा वाटे. गवतावरून रोज एकाच जागेवरून गेलं की पायवाट पडते, तसं. वीज बंद केली तरी पायवाट टिकून राही. पत्ता 'शिकतो' असं जाहिरातीत म्हणत. देवयानीच्या मते त्याचा फक्त विद्युतरोध बदलत असे.

शिकवण्याचं साधन होतं खेळाडूचा अंगठा. पत्त्याची कड अंगठ्याची नाडी आणि घाम मोजी. टेकूने कोणाला तरी आधार दिल्यावर नाडी सावकाश झाली, म्हणजे खेळाडूला हायसं वाटलं, की ती पायवाट आणखी पक्की होई. प्रत्येक अंगठ्याची पायवाट वेगळी राही, म्हणजे पत्ता दुसऱ्याने हाताळला तरी आपली शिकवण बिघडत नसे. टेकू टाकणं खेळाडूच्या हातात. आधार कोणाला द्यायचा ते टेकू ठरवणार. कोल्हापुरास हे ताबडतोब पटलं. म्हशीला शीळ घालून मागून पळायला शिकवणाऱ्या गावाला पत्त्याला वळण लावण्यात काय अवघड? कोणी पत्त्यांना अंगारा लावू लागलं, कोणी त्यांच्याशी बोलू लागलं. देवयानी असल्या लोकांपासून चार हात दूर बसे.

माणसाला हायसं वाटतं ते स्वतःची बाजू सावरल्यावर, असं कारखानदारांनी गृहीत धरलं होतं. ह्या गृहीतकाची चाचणी त्यांनी साळोख्यांच्या घरात घेतली नव्हती.

त्या घरात देवयानीचे सासरे शामराव वस्ताद होते. अर्धं आयुष्य त्यांनी तालमीत पोरं घडवली होती आणि लाल मातीवर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. आधी ठरवून खेळलेल्या खोट्या कुस्तीला तिकडे नुरा म्हणतात. एका जत्रेत पाहुणे म्हणून बोलावलं असताना समोरची कुस्ती नुरा आहे हे ध्यानात येताच वस्तादांनी मानाचा फेटा उतरवून आखाड्यात टाकला होता आणि तसेच बोडक्या डोक्याने एस.टी. धरून घरी आले होते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात हट्टी झाला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, बोटांना काम द्या, पत्ते पिसायला लावा. असा दैत्यपट घरात आला.

पहिला डाव संग्रामने, म्हणजे देवयानीच्या नवऱ्याने, वडिलांशी खेळला आणि जिंकला. वस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले ते जेवायला उठले नाहीत. आत्याबाई, म्हणजे देवयानीच्या सासूबाई, पदराने डोळे पुसू लागल्या. देवयानीने त्याच दिवशी ठरवलं की ह्यापुढे मामंजींशी आपण खेळायचं आणि बेमालूम हरायचं.

हे काम तिने शास्त्रशुद्ध केलं. सारखं हरलं तर संशय येतो, म्हणून अधूनमधून जिंकायचं. मामंजी हरायला आले की टेकू टाकायचा, आणि तो त्यांच्या दैत्याकडे वळला की "अरेच्चा, हा असा कसा!" म्हणून चेहरा पाडायचा. वस्तादांचा आग्रह असे की दर डावाला दोघांनी संच अदलाबदल करायचे. "आखाड्यात बाजू बदलायची असती," ते म्हणत. त्यामुळे टेकू दोघांच्याही हातांतून फिरले.

डाव दिवसेंदिवस लांबत गेले. देवयानीने त्यांचा आलेख काढला आणि मामंजींची एकाग्रता सुधारत असल्याचा निष्कर्ष त्याखाली लिहिला.

अंतिम फेरीचं सभागृह गच्च भरलं होतं. आयोजक कोल्हापूरचेच असल्यामुळे हलगी होती, आणि कुस्त्यांच्या मैदानातला समालोचकही होता. पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर फेटा बांधून वस्ताद बसले होते. सून अंतिम फेरीत आहे, हे त्यांनी रिक्षावाल्यापासून हलगीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं.

समोर होते मिरजेचे दंतवैद्य डॉ. भरतेश मगदूम. गोड बोलणारा, गुटगुटीत गृहस्थ. "ताई, तोंड उघडं ठेवून खेळू नका, मला सवयीनं आत बघावंसं वाटतं," असं म्हणून त्यांनी नमस्कार केला.

देवयानीने त्यांना अर्ध्या डावातच कोंडीत पकडलं. त्यांचे तिन्ही मोठे दैत्य जखमी होते. एक घाव, आणि लोहदंष्ट्र कोसळला असता. त्याने उलटा वार केलाच तर आपल्या हल्लेखोराला आधार हवा, म्हणून तिने टेकू टाकला.

टेकू पट ओलांडून लोहदंष्ट्राच्या काखेत जाऊन उभा राहिला.

"आणि हा काय प्रकार आहे मंडळी!" समालोचक गरजला. "घरचा गडी, पाहुण्याच्या दारी!"

लोहदंष्ट्र वाचला. पुढच्या फेरीत टेकू निघून गेल्यावर त्याने देवयानीचा हल्लेखोर चिरडला. तिने पुन्हा जुळवाजुळव करून डॉक्टरांना कडेलोटावर आणलं आणि दुसरा टेकू टाकला. तोही पलीकडे गेला.

आता नमुना लहान राहिला नव्हता. योगायोगाने असं घडण्याची संभाव्यता तिने मनात काढली आणि योगायोगाला रजा दिली. मग कारण शोधायला तिला फारसा वेळ लागला नाही. आधीच्या फेऱ्यांत तिने टेकू टाकले तेव्हा पलीकडे कोणी पडायच्या बेतात नव्हतं. समोरचा माणूस हरायला आला की त्याला सावरायचं, आणि तो सावरला की तिला हायसं वाटायचं. रोज दुपारी तिच्या अंगठ्याने टेकूला हेच तर शिकवलं होतं.

"नुरा!" मागून कोणीतरी ओरडलं. मग दुसरा, मग अख्खी बाजू. "नुरा! नुरा!" हलगी थांबली.

वस्ताद काठीवर भार देऊन उठले. ओरडणारे खाली बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी एकदाच इचारतो. नुरा चाललीय का?"

देवयानीने दोन्ही उत्तरं तोलून पाहिली. नाही म्हणावं तर टेकू असा का वागतो ते सांगावं लागणार. ते सांगावं तर महिनोन्‌महिने घरी काय चाललं होतं ते ह्या माणसाला भर सभेत कळणार. ज्याने नुरा दिसताच फेटा मातीत टाकला, त्याच्याशी त्याच्याच घरात रोज नुरा खेळली गेली होती. आणि गप्प बसावं, तर आपली सून विकली गेली असंच तो समजणार.

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "पण ह्याहून जास्त विचारू नका."

पंच नसीमा मुजावर पुढे आल्या. "मॅडम, आरोप झालाय. नियम असा आहे की पत्त्यातली शिकवण यंत्रावर वाचून सगळ्यांना दाखवायची. तुम्ही नाही म्हणालात तर बाद, आणि पुढंही कायमचं बाद."

"मग बाद करा," देवयानी म्हणाली.

डॉ. मगदूम कळवळले. "अहो ताई, असं कसं! मला फुकट जिंकायचं नाही हो. मिरजेत तोंड दाखवायचंय."

"थांबा," वस्ताद कडाडले. त्यांची मान ताठ होती. "माझ्या घरातलं माणूस तोंड लपवून जाणार न्हाई. लावा ते यंत्र. काय असंल ते दिसू दे गावाला."

मुजावर मॅडमनी पत्ता यंत्रात सरकवला आणि कपाळाला आठी घातली. "ह्या पत्त्यावर दोन अंगठे आहेत. एक मॅडमचा. दुसरा अंगठा ज्यांचा, त्यांचीही परवानगी लागेल. दोन्ही पडद्यावर येतील."

"दुसरा?" वस्ताद म्हणाले.

"हो. कोणाचा आहे?"

वस्तादांची ताठ मान जरा ढिली झाली. त्यांनी फेटा उगाचच सारखा केला. "म्हंजे, दुसरा बी दिसणार व्हय?"

"दिसणारच."

"मग राहू दे," वस्ताद खुर्चीकडे वळत म्हणाले. "पोरगी नाही म्हणती ना? मग नाही. इश्वास ठेवावा माणसानं."

सभागृहात खसखस पिकली. देवयानीने मात्र मान वर केली. दिवसेंदिवस लांबत गेलेले डाव तिला आठवले. दोघांपैकी एकालाच हरायचं असेल तर डाव लवकर संपायला हवा होता. तो लांबतच जातो, असं केव्हा घडेल?

"मामंजी," ती सावकाश म्हणाली, "दुसरा अंगठा तुमचा आहे. द्या परवानगी."

"कशाला आता? जिवाला बरं वाटंना मला."

"मघाशी तर गावाला दाखवायचं होतं."

वस्तादांनी एकदा हलगीवाल्याकडे, एकदा छताकडे पाहिलं. सुटका कुठूनच दिसेना. मग त्यांनी हट्टी उजवा हात उचलला आणि अंगठा यंत्रावर टेकवला.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. मुजावर मॅडमनी काठीने दाखवत समजावून सांगितलं. "ही मॅडमची नाडी. घरच्या सरावात समोरचा हरायला आला की वाढते, टेकू त्याला वाचवतो की खाली येते. प्रत्येक वेळी. म्हणजे समोरचा जिंकावा असं ह्यांना मनापासून वाटतंय. आणि ही वस्तादांची नाडी." त्यांनी काठी दुसऱ्या रेघेवर नेली. "हीसुद्धा तशीच आहे. अगदी तशीच."

सभागृहाला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग डॉ. मगदूम आधी हसले, त्यांच्या मागून हलगीवाला, आणि मग छप्पर उडेल असा हशा झाला. सासरा आणि सून महिनोन्‌महिने एकमेकांना जिंकून देण्यासाठी जिवापाड झगडत होते.

"तुम्ही नुरा खेळत होता?" देवयानीने विचारलं. "तुम्ही?"

"मग काय करू?" वस्ताद लाल होऊन म्हणाले. "सारखी हरायला लागलीस. मी म्हटलं पोरीच्यात दम न्हाई. रोज पडणारं पोर तालमीत फार दिवस येत न्हाई गं, मी बघितलंय. तू यायची थांबलीस तर दुपारचं माझ्यापाशी बसणार कोण? संग्राम हापिसात, तुझी सासू मालिकेत. मग म्हटलं, पडावं आपण मधनंमधनं." त्यांनी डोळे बारीक केले. "आणि तू कशापायी पडत होतीस?"

"तुम्ही हरलात की भिंतीकडे तोंड करून बसता. जेवत नाही."

"मी? कधी?"

"संग्रामने हरवलं तेव्हा."

"अगं, हरलो म्हणून व्हय!" वस्तादांचा आवाज चढला. "डाव जिंकला, आणि वर माझी पाठ थोपटून म्हणतो, 'छान खेळलात हं, बाबा.' वस्तादाची पाठ थोपटतो, बापाची! म्हणून फिरवलं तोंड. तेवढ्या एका वेळेवरनं तू एवढं धरून बसलीस?"

देवयानीने पडद्यावरच्या रेघांकडे पुन्हा पाहिलं. महिनोन्‌महिने चालवलेल्या ह्या सगळ्या शास्त्रशुद्ध खटाटोपाच्या तळाशी एकच निरीक्षण होतं. वर्गातल्या कोणत्याही मुलाने असा निष्कर्ष लिहून आणला असता, तर तिने तो लाल शाईने खोडला असता.

मुजावर मॅडमनी घसा साफ केला. "आरोप रद्द. दया दाखवल्याबद्दल बाद करायचा नियम आमच्याकडे नाही. डाव पुढे चालू."

"पण माझे टेकू ह्यांनाच मदत करणार," देवयानी म्हणाली. "पायवाट एका दिवसात बुजत नाही."

"मग करू देत की मदत," खुर्चीवरून वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज आता तालमीतला होता. "मिठी मारून धरलेल्या गड्याला पाय उचलता येतोय का बघ."

देवयानीने पत्त्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. 'पडत नाही व जागचा हलत नाही.' पहिला अर्धा भाग ती आजवर खेळत आली होती. दुसरा अर्धा तिने फक्त स्वतःच्या पहारेकऱ्यांसाठी वापरला होता.

तिने घाई केली नाही. कमकुवत हल्लेखोरांनी टोचून टोचून तिने डॉक्टरांचे पटावर उरलेले तिन्ही मोठे दैत्य पुन्हा मोडकळीला आणले. मग एकाच फेरीत तिन्ही टेकू टाकले.

तिन्ही टेकू आनंदाने पलीकडे धावले. एकाने ज्वालामुखाला सावरलं, एकाने लोहदंष्ट्राला, तिसऱ्याने उरलेल्या अजस्राला. तिघेही पडण्यापासून वाचले आणि तिघेही जागच्या जागी खिळले.

"ताई, नको!" डॉ. मगदूम खुर्चीवरून अर्धवट उठले. "एवढी मदत नको हो! सोडा त्यांना!"

"मी कुठे धरलंय?" देवयानी म्हणाली. "ते मायेनं उभे आहेत."

पाचांपैकी दोन वाटा मोकळ्या होत्या आणि त्यांत सरकून आडवं यायला कोणी नव्हतं. देवयानीचा सर्वांत किरकोळ दैत्य, एक काडीपैलवान उंदीरमुख, डुलत डुलत मधून गेला आणि मिरजेच्या गडात शिरला. हलगी कडाडली. समालोचकाला शब्द सापडेनात. तो नुसताच ओरडत राहिला. डॉक्टरांनी टेकूच्या पत्त्याला हात जोडले आणि म्हणाले, "असा सहायक दवाखान्यात मिळाला तर पेशंट हलणार नाही."

वस्ताद आले. त्यांनी देवयानीची पाठ थोपटायला हात उचलला, मध्येच थांबवला, आणि आपला फेटा काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या नाकापर्यंत खाली आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट मांडला गेला. वस्तादांनी संच पिसायला घेतला, तेव्हा देवयानीने त्यातले तिन्ही टेकू काढून घेतले.

"आज हे डब्यात," ती म्हणाली.

"राहू देत," वस्ताद म्हणाले. "खरी?"

"खरी."

डाव चहा निवायच्या आत संपला. वस्तादांनी डावीकडून फसवी चाल केली, देवयानी तिला भुलली, आणि उजवीकडून त्यांचा ज्वालामुख तिच्या गडात घुसला. तिने आपल्याच गडाकडे अविश्वासाने पाहिलं. मग पत्ते गोळा केले, चहाचा कप उचलला, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून डोकावल्या आणि तोंडाला पदर लावून मागे सरल्या.

वस्तादांनी घाबरत घाबरत विचारलं, "सूनबाई, उद्या येणार न्हवं?"

"येणार नाही तर काय," देवयानी भिंतीला म्हणाली. "एका डावावरून काही सिद्ध होत नाही, मामंजी. नमुना फार लहान आहे."